ओढ्याच्या पाण्याची विद्युतवाहकता कशी मोजावी

पुण्यातल्या रामनदीसारख्या ओढ्याची प्रकृती तपासण्यासाठी खिशात मावणारा वाहकतामापक पुरतो. मात्र एका ठिकाणी घेतलेल्या एका आकड्यावरून निष्कर्ष काढू नये. पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, वीज वाहून नेतात, आणि सांडपाण्यात मीठ, साबण व मूत्रातील क्षार असल्यामुळे ते मिसळले की वाहकता वाढते. पण आपल्याकडच्या बेसाल्ट खडकातून झिरपणारे पाणीही कॅल्शियम, मॅग्नेशियम व बायकार्बोनेट घेऊन येते, त्यामुळे स्वच्छ झऱ्याचा आकडाही शून्याजवळ नसतो. कोणता आकडा वाईट, हे त्याच ओढ्याच्या वरच्या अंगाशी ताडून ठरवावे.

निघण्यापूर्वी मापकाचे कॅलिब्रेशन करावे, म्हणजे वाहकता ठाऊक असलेल्या द्रावणावर त्याचा आकडा जुळवून घ्यावा. त्यासाठी २५ अंश सेल्सिअसला १४१३ मायक्रोसीमेन्स प्रति सेंटीमीटर वाहकता असणारे द्रावण मिळते. ते वाटीत थोडे ओतून घ्यावे, कारण मापक बाटलीतच बुडवल्यास सगळेच द्रावण बिघडते. तापमान एका अंशाने चढले की वाहकता सुमारे २ टक्क्यांनी वाढते, म्हणून २५ अंशांचे मूल्य आपोआप दाखवणारा मापक निवडावा. स्वस्त टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) मीटरही मुळात वाहकताच मोजतात आणि तिला साधारण ०.५ ते ०.७ या गुणकाने गुणून पीपीएम (दहा लाखांत किती भाग) दाखवतात. तेव्हा एकक लिहिल्यावाचून वहीत आकडा लिहू नये.

रामनदीवर मोजणी वरच्या अंगाला भूगावच्या बाजूने सुरू करून बावधन, पाषाण, सोमेश्वरवाडी असे मुळा नदीच्या संगमाकडे उतरत जावे व शक्यतो एकाच सकाळी पुरी करावी. काठच्या डबक्यातले नव्हे, तर वाहत्या धारेतले पाणी घ्यावे. इलेक्ट्रोड (मापकाचे पाण्यात बुडणारे टोक) त्याच पाण्याने दोनतीनदा विसळावा, हलकेच हलवून बुडबुडे घालवावेत आणि आकडा स्थिरावल्यावरच नोंद करावी. दोन ठिकाणांमध्ये आकडा एकदम चढला असेल, तर तेवढ्या टप्प्यात काठाकाठाने चालून नाला किंवा वाहणारे ड्रेनेजचे चेंबर शोधावे, आणि त्याच्या वर एकदा व खाली, पाणी नीट मिसळल्यानंतर, पुन्हा एकदा मोजावे. सगळ्या खटाटोपातले खरे काम हेच.

जुलै-ऑगस्टमध्ये पावसाने सांडपाणी पातळ होऊन आकडा उतरतो. ती सुधारणा समजू नये. उन्हाळ्यातल्या नोंदी अधिक बोलक्या असतात. जंतू, तेल आणि बहुतेक कीटकनाशके वाहकतेत उमटत नाहीत, म्हणून वास, फेस व रंग शेजारच्या रकान्यात लिहावेत. आकडा कमी पण वास गटाराचा, असे आढळल्यास नमुना कॉलिफॉर्म (मैलापाण्याचा माग देणारे जंतू) तपासणीसाठी प्रयोगशाळेत द्यावा.