वाळवंटातली पहिली पोस्टिंग: आपल्याकडच्या पोरांसाठी

अंबाजोगाईच्या रस्त्यावर पहाटे भरतीची पोरं पळताना दिसली की मी थांबून विचारतो, "पोस्टिंग राजस्थानला आली तर?" उत्तर ठरलेलं. "ऊन काय काका, आपल्याला नवं हाय का?" मीही याच तोऱ्यात जैसलमेरला उतरलो होतो. लखनऊला आर्मी मेडिकल कोअरचं ट्रेनिंग करून आलेला नर्सिंग असिस्टंट. उन्हानं पडलेले जवान माझ्याच पुढ्यात यायचे, आणि त्यांत आपल्याकडचे कमी नसायचे.

२०१६ चा उन्हाळा आठवा. एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं आणि १९ मे रोजी राजस्थानात फलोदीला पारा ५१ अंशांवर गेला. उन्हापुरते आपण आणि ते भाऊबंदच. घोळ होतो तो पाण्यात. आपण घागरी मोजत वाढलो, पाणी पुरवून प्यायची सवय हाडात मुरलेली. आंघोळीला, भांड्याला ती सवय ठेवा, तिथं सगळे तुम्हाला दुवा देतील. प्यायला मात्र ठेवू नका.

परभणीकडचा एक पोरगा होता. युनिटमध्ये येऊन चौथा दिवस, मे महिना, सकाळचे दहा, पिठ्ठू (पाठीवरची सामानाची पिशवी) लावून वाळूत मार्च. मध्येच तो रांग सोडून तिरका चालायला लागला आणि म्हणाला, "बैलं सोडले का?" बाकीचे हसले. मराठी एकट्या मलाच कळत होतं, अन् माझ्या पोटात गोळा आला. अंगाला हात लावला तर तवा. ताप ४१ अंश सेल्सिअसच्या वर. उन्हात माणूस बरळायला लागला की उष्माघात धरूनच चाला. घाम आटलाय का ते बघत बसू नका; मेहनत करताना पडलेला माणूस घामानं निथळतही असतो. गाडीत घालून पळवण्याआधी आम्ही त्याला तिथंच सावलीत घेतलं, वर्दी काढली, टँकरचा नळ अंगावर सोडला, दोघांनी पुठ्ठ्यानं वारा घातला, काखेत आणि जांघेत बर्फ लावला. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतायचं नाही, ते फुप्फुसात जातं. वाचला पोरगा. संध्याकाळी त्याचं सामान घ्यायला गेलो तर चारपाईखाली तीन बाटल्या, काठोकाठ भरलेल्या. नंतर विचारलं तर म्हणाला, "उद्याला असू द्याव म्हणलं."

तिथल्या कोरड्या हवेत घाम दिसतच नाही, निघाला की उडतो. दिसतात ते वर्दीवरचे मिठाचे पांढरे नकाशे. म्हणून तहानेची वाट बघू नका, लघवीचा रंग बघा. पिवळीगर्द झाली की उशीर झाला. उलट टोकही वाईट. जोशात नुसतं पाणीच ढोसलं तर अंगातलं मीठ पातळ होऊन माणूस तसाच बरळतो. मेहनतीच्या तासाला दीड लिटरच्या वर नको, लंगरमधलं (युनिटच्या स्वयंपाकघरातलं) जेवण चुकवायचं नाही. आणि ओआरएसचं लिटरचं पाकीट ग्लासभर पाण्यात कालवणारे महाभाग मी पाहिलेत. लिटर म्हणजे लिटर.

शरीर उन्हाला रुळायला दहा ते चौदा दिवस घेतं. तेवढे दिवस उस्ताद हळूहळू काम वाढवतो, तेव्हा 'मी पळून दाखवतो' करू नका. डोकं दुखलं, मळमळलं तर तिथंच सांगा. सिक रिपोर्टला, म्हणजे आजारी म्हणून दाखवायला, गेलं की कामचोर म्हणतात, हे खरं आहे. म्हणू द्या.

फुरसं आपल्याकडंही आहे, तिथं वाळूत रुतून बसतं, नुसते डोळे वर. बूट झाडूनच घाला. स्थानिक लोक 'पीवणा' नावाच्या सापाची गोष्ट सांगतात, झोपलेल्याचा श्वास पितो म्हणे. श्वासबिस काही पीत नाही, तो मण्यारीच्या जातीचा. रात्री चावतो, दुखत नाही, आणि पहाटे पापण्या जड होऊन श्वास अडतो. त्यामुळे जमिनीवर झोपू नका, मच्छरदाणी गादीखाली खोचा. चावलाच तर दोरी आवळू नका, चिरा मारू नका, हालचाल कमी करून एमआय रूम (युनिटचा दवाखाना) गाठा.

जांघेतल्या खाजेला मेडिकलवरची 'मिक्स' ट्यूब घरून नेऊ नका. त्यात स्टेरॉइड असतं, चार दिवस बरं वाटतं अन् मग नायटा मांडीभर पसरतो. थंडीचं एवढंच, की जानेवारीच्या रात्री तिथं दात वाजतात. स्वेटर न्या.

सुट्टीचंही ध्यानात ठेवा. महिनाभर घरी सावलीत काढला की अंगाची सवय मोडते, परत गेल्यावर सगळं नव्यानं. तो परभणीचा पोरगा पुढच्या मे महिन्यात लग्न करून परतला, तेव्हा हजेरीआधी माझ्या दारात उभा. हातात रिकामी बाटली. "भाऊ, मला पहिल्या दिवसापासून धरा."