घशाशी येणाऱ्या अ‍ॅसिडिटीवर रोबोटिक शस्त्रक्रिया: आधीच्या तपासण्या, ऑपरेशन आणि पहिले सहा आठवडे

वर्षानुवर्षं पॅन्टोप्राझोल किंवा इसोमेप्राझोल ही आम्ल कमी करणारी गोळी चालू आहे, गोळी बंद केली की दोन दिवसांत छातीत आग, रात्री आडवं झालं की आंबट पाणी घशाशी. अशा माणसाला ‘रोबोटने ऑपरेशन करून टाका’ असा सल्ला मिळाला, तर रोबोटचा विचार सगळ्यात शेवटी करावा. निकाल ठरतो तो ऑपरेशन कुणाचं करायचं यावर.

आधी गोळी नीट घेतली जात होती का, ते पाहा. ही औषधं नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी, उपाशीपोटी घ्यायची असतात. जेवणानंतर किंवा जळजळ सुरू झाल्यावर घेतली तर ती अर्धवटच काम करतात, आणि ‘औषध लागू पडत नाही’ म्हणून येणाऱ्या बऱ्याच जणांची गोष्ट इथेच सुटते. गोळीने जळजळ चांगली थांबते, पण आंबट पाणी वर येणं थांबत नाही, किंवा जन्मभर गोळी नको आहे, अशांना शस्त्रक्रियेचा फायदा सर्वांत चांगला होतो. गोळीने काडीचाही फरक पडत नसेल तर मुळात निदानावरच शंका घ्यावी. नुसता खोकला किंवा बसलेला आवाज एवढीच तक्रार असेल, तर ऑपरेशनचा भरवसा कमी.

तपासण्या चार. एंडोस्कोपीत अन्ननलिकेला किती इजा झाली आहे आणि हायटस हर्निया, म्हणजे जठराचा वरचा भाग श्वासपटलाच्या छिद्रातून छातीत सरकणं, आहे का ते दिसतं. बेरियम पाजून काढलेल्या एक्स-रेमध्ये त्या हर्नियाचा आकार कळतो. चोवीस तासांच्या पीएच चाचणीत नाकातून बारीक नळी घालून तिचा सेन्सर अन्ननलिकेच्या खालच्या झडपेच्या 5 सेंमी वर ठेवतात. दिवसभरात 6 टक्क्यांहून जास्त वेळ पीएच 4 च्या खाली, म्हणजे आम्लाच्या बाजूला, राहिला तर रिफ्लक्स (जठरातलं आम्ल वर येणं) नक्की. 4 टक्क्यांखाली असेल तर नाही. निदान पक्कं करण्यासाठी ही चाचणी करायची असेल तर गोळी साधारण सात दिवस आधी बंद करतात. त्या दिवशी घरी नेहमीसारखं जेवा आणि कधी जेवलात, कधी झोपलात, कधी जळजळ झाली ते लिहून ठेवा. चांगलं वागून पथ्याचं जेवलात तर चाचणी खोटं बोलेल.

चौथी मॅनोमेट्री. अन्ननलिका घास खाली ढकलते का, हे ती सांगते. पैसे वाचवायला हीच वगळली जाते आणि हीच वगळू नये. अकॅलेशिया या आजारात खालची झडप उघडतच नाही. त्यातही छातीत जळजळ आणि अन्न वर येणं असतंच. तिथे झडप आणखी आवळली तर गिळणं बंद पडेल.

ऑपरेशनचं नाव फंडोप्लिकेशन. रुडॉल्फ निसेन यांनी ते 1955 साली पहिल्यांदा केलं. 1991 पासून ते दुर्बिणीतून होऊ लागलं. पूर्ण भूल दिल्यावर पोट कार्बन डायऑक्साइडने फुगवतात, साधारण 8 मिलिमीटरच्या चार छिद्रांतून रोबोटचे हात आत जातात आणि यकृत वर उचलून धरतात. अन्ननलिका छातीतून मोकळी करून तिचा किमान 2.5 ते 3 सेंमी भाग ताण न देता पोटात आणतात. श्वासपटलाचं सैल छिद्र न विरघळणाऱ्या टाक्यांनी आवळतात. मग जठराचा वरचा भाग अन्ननलिकेमागून फिरवून मफलरसारखा भोवती गुंडाळतात. हा वेढा जेमतेम 2 सेंमी लांबीचा आणि सैल हवा. लांब किंवा घट्ट झाला की घास अडकतो, आणि चुकून जठरावरच बसला तर रिफ्लक्स राहतोच. अन्ननलिकेचा जोर कमी असेल तर पूर्ण 360 अंशांऐवजी 270 अंशांचा टूपे वेढा घालतात.

रोबोट स्वतःहून एक टाकाही घालत नाही. सर्जन बाजूच्या कन्सोलवर बसून हात चालवतो. त्रिमितीय दृश्य आणि मनगटासारखी वळणारी उपकरणं यांचा उपयोग मोठ्या हर्नियात किंवा दुसऱ्यांदा कराव्या लागणाऱ्या ऑपरेशनमध्ये जास्त. साध्या, पहिल्या वेळच्या ऑपरेशनात नेहमीच्या दुर्बिणीपेक्षा निकाल सरस असल्याचं तुलनात्मक अभ्यासांत दिसलेलं नाही, खर्च मात्र जास्त. म्हणून सर्जनना विचारा: वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता? माझ्यासाठी कोणता वेढा आणि का? साध्या दुर्बिणीने केलं तर बिल किती? विमा कंपनीकडून रोबोटिकची मर्यादा लेखी घ्या. विमा नियामक आयआरडीएआयच्या 2019 च्या नियमांनुसार अशी शस्त्रक्रिया सरसकट वगळता येत नव्हती, पण रकमेवर मर्यादा घालता येत होती.

लठ्ठपणा खूप असेल तर गॅस्ट्रिक बायपास या वजन कमी करण्याच्या ऑपरेशनचा पर्यायही विचारात घेतात. वजनासाठीच्याच स्लीव्ह ऑपरेशनने मात्र रिफ्लक्स वाढू शकतो.

घरी बहुधा एक-दोन दिवसांत सोडतात. खांदा दुखतो तो पोटात उरलेल्या वायूमुळे. पहिला आठवडा ते दोन आठवडे पातळच: पेज, वरणाचं पाणी, गाळलेलं सूप, ताक. मग चौथ्या ते सहाव्या आठवड्यापर्यंत मऊ: गुरगुट्या भात, खिमट, दह्यात कुस्करलेली पोळी, उकडलेला बटाटा. भाकरी, पाव, कोरडे पोहे आणि मटण सगळ्यात शेवटी. सुजेमुळे अडकतात ते हेच. घास लहान, जेवण दिवसातून पाच-सहा वेळा, सोडा आणि स्ट्रॉ बंद. मोठ्या गोळ्या कुटण्याआधी विचारा; बराच वेळ हळूहळू काम करणाऱ्या गोळ्या कुटायच्या नसतात. 4–5 किलोंपेक्षा जड काही सहा आठवडे उचलू नका. पाण्याचा हंडा, गॅस सिलिंडर, कडेवरचं नातवंड, सगळं त्यात आलं.

मळमळ सहन करत बसू नका, सुरू होताच डॉक्टरांना कळवा. जोराच्या उमळ्यांनी वेढा छातीत सरकू शकतो. लाळही गिळता येत नाही, ताप, दम, छातीत किंवा पोटात जबर दुखणं: यापैकी काहीही झालं तर थेट रुग्णालय गाठा.

ढेकर न येणं, पोट फुगणं, वारा जास्त सरणं हे पुष्कळांना होतं आणि बहुतेकांचं हळूहळू कमी होतं. तीन महिन्यांनंतरही घास अडकत असेल तर बेरियम आणि एंडोस्कोपी करतात, गरजेनुसार फुग्याने वाट रुंदावतात. काही वर्षांनी पुन्हा जळजळ सुरू झाली तर परस्पर गोळी चालू करू नका. आधी पीएच चाचणी करा. ऑपरेशननंतर गोळ्यांवर परतलेल्या अनेकांच्या चाचणीत आम्ल वर येतच नसतं.