आधुनिक कवितेचं वृत्त कसं ओळखावं? जोडाक्षरापाशी कान लावा

विषय नवा आणि शब्द रोखठोक दिसले की कविता मुक्तछंदात टाकायची, ही सवय आधी सोडा. बा. सी. मर्ढेकरांच्या ‘कांही कविता’तल्या (१९४७) या ओळी घ्या:

पिपांत मेले ओल्या उंदिर;
माना पडल्या, मुरगळल्याविण;
ओठांवरती ओठ मिळाले;
माना पडल्या, आसक्तीविण.

आधी अक्षरं मोजा: १०, १२, १०, १०. संख्या टिकत नाही, तेव्हा ओवी-अभंगाचा विचार सोडून मात्रांकडे, म्हणजे उच्चाराला लागणाऱ्या काळाच्या मापाकडे, वळा. ऱ्हस्वाची एक, दीर्घाच्या दोन, उच्चारित अनुस्वार असलेल्या अक्षराच्याही दोन.

बहुतेक जण घसरतात ते जोडाक्षरावर. ‘जोडाक्षराआधीचं ऱ्हस्व अक्षर गुरू’ (म्हणजे दोन मात्रांचं) हा पाठ केलेला नियम अर्धाच आहे. तो सरसकट लावला की ‘पडल्या’तला ड गुरू होतो, चौथी ओळ १६ ऐवजी १७ मात्रांची होते, दुसरी तर १८, आणि कवीनं वृत्त मोडल्याचा खोटा निष्कर्ष निघतो. मागच्या अक्षरावर आघात येत असेल तरच ते गुरू. ‘आसक्ती’ मोठ्यानं म्हणा: स-वर जोर येतो, म्हणून त्याच्या दोन मात्रा. ‘पडल्या’, ‘मुरगळल्या’, ‘तुझ्या’ यांत तसा जोर येत नाही, तिथे एकच. चौथ्या ओळीत दोन्ही प्रकार शेजारी आहेत:

मा२ ना२ प१ ड१ ल्या२ । आ२ स२ क्ती२ वि१ ण१

आठ अधिक आठ. हे डोळ्यांनी कधीच जमत नाही, ओळ म्हणावीच लागते.

दुसरा घोळ शुद्धलेखनाचा. कुणी ‘उंदिर’चा ‘उंदीर’ केला की पहिली ओळ एका मात्रेनं वाढते. याच कवितेत पुढे ‘गरिब’ आणि ‘देउन’ आहेत, तेही मात्रांसाठीच. म्हणून मोजणी संग्रहाच्या छापील प्रतीवरूनच करा.

बेरीज १६ आली एवढ्यावर थांबू नका. आठव्या मात्रेवर शब्द संपतो का ते पाहा: ‘पिपांत मेले । ओल्या उंदिर’. चारही ओळी तशाच तुटतात, म्हणून हे पादाकुलक, म्हणजे आठ-आठ अशा १६ मात्रांच्या ओळींचं वृत्त. कवी माधव जूलियनांच्या ‘छंदोरचना’ या छंदशास्त्रावरच्या ग्रंथाच्या भाषेत, पद्मावर्तनी, म्हणजे आठ मात्रांच्या आवर्तनाचं.

कवितेवरच्या टिपणात यमक लिहिताना घाई नको. पहिली-तिसरी ओळ जुळत नाही. दुसरी-चौथीत ‘विण’ हा शब्दच परत येतो, त्याआधीचे ‘ल्या’ आणि ‘क्ती’ जुळत नाहीत. त्यामुळे याला पूर्ण यमक न म्हणता पुनरुक्ती म्हणा. ‘माना पडल्या’ही दोनदा आल्यामुळे मुरगळणं आणि आसक्ती समोरासमोर उभ्या राहतात, हेही टिपणात लिहा.

रचनाबंधाचं नाव सर्वांत शेवटी. १४ ओळी दिसल्या तरी विचाराला वळण कुठे मिळतं ते सापडल्याशिवाय ‘सुनीत’ (सॉनेट) लिहू नका.