लॅब्राडोरच्या किनाऱ्यावर जीन्स नको

कॅनडातल्या लॅब्राडोर भागात, टॉर्नगॅट पर्वतांच्या किनाऱ्यावर बोटीची सफर ठरवली असेल, तर बॅग भरताना थंडीपेक्षा ओलाव्याचा विचार आधी करा. तिथे बोट लावायला धक्का वगैरे नसतो. रबरी होडी किनाऱ्याजवळ नेतात आणि तुम्ही घोटाभर, कधी गुडघाभर पाण्यात उतरता. लॅब्राडोरचा थंड प्रवाह उत्तरेकडून येतो, त्यामुळे ऑगस्टमध्येही पाणी बर्फासारखंच. म्हणून गुडघ्यापर्यंतचे गमबूट घ्या, ट्रेकिंगचे बूट पिशवीत ठेवा. पँटचे पाय गमबुटात खोचायचे नाहीत, वरून सोडायचे; नाहीतर शिंतोड्यांचं पाणी थेट बुटात. सुती कपडे आणि जीन्स घरीच राहू द्या, भिजल्या की वाळत नाहीत. लोकरीच्या मोज्यांचे दोन जोड जास्तीचे लागतातच. वारा पडला की डास आणि काळ्या माश्या तुटून पडतात, तेव्हा डोक्यावरची जाळी विसरू नका (माझ्या मते ती कॅमेऱ्यापेक्षा महत्त्वाची!).

किनाऱ्यावर ध्रुवीय अस्वलं असतात. अस्वलांपासून तुम्हाला जपणारा इनुइट (तिथल्या मूळ रहिवाशांपैकी) अस्वल-रक्षक सोबत असतो; त्याच्या पुढे जाऊ नका, फोटोसाठीसुद्धा नाही. धुक्यामुळे विमान अडकतं, म्हणून परतीच्या तिकिटाआधी दोन-तीन दिवस मोकळे ठेवा.