क्रीट बेटावरील उन्हाळी सुट्टीची आखणी

भूमध्य समुद्रातील क्रीट हे ग्रीसचे सर्वांत मोठे बेट आहे आणि तेथील सहलीचे नियोजन फसते ते बहुधा या आकाराचा अंदाज चुकल्यामुळेच. बेट पूर्व-पश्चिम सुमारे २६० किलोमीटर लांब असून त्याच्या मधोमध डोंगरांच्या रांगा आहेत. त्यांतील सिलोरितिस हे सर्वोच्च शिखर २,४५६ मीटर उंच आहे. मुख्य रस्ता उत्तर किनाऱ्याने जातो, तर दक्षिणेकडे उतरणारे रस्ते घाटाचे आणि वळणावळणाचे आहेत. त्यामुळे नकाशावर बोटभर दिसणाऱ्या अंतराला प्रत्यक्षात अर्धा दिवस लागू शकतो. म्हणून तिकिटे काढण्यापूर्वी मुक्काम कोठे करायचा, हे आधी ठरवावे.

आठ-दहा दिवस हाताशी असतील तर पश्चिमेला हानिया आणि मध्यभागी हेराक्लिओन, असे दोनच मुक्काम ठेवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन्ही शहरांना विमानतळ आहेत. एका ठिकाणी उतरून दुसरीकडून परत निघाल्यास तोच रस्ता पुन्हा कापावा लागत नाही. अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरातून रात्री निघणारी बोटही सकाळी क्रीटला पोहोचवते, आणि त्यात एका रात्रीचे हॉटेलचे भाडे वाचते. पाचच दिवस असतील तर मात्र एकच टोक निवडावे आणि दुसऱ्याचा मोह सोडावा.

महिन्याची निवड करताना जून किंवा सप्टेंबरला पसंती द्यावी. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन कडक असते, शिवाय उत्तरेकडून मेल्टेमी नावाचा वारा सुटतो आणि तो एकदा लागला की काही दिवस थांबत नाही. अशा वेळी उत्तर किनाऱ्यावर लाटा उसळतात, म्हणून पोहण्याचे दिवस आधीपासून पक्के न करता वाऱ्याचा अंदाज पाहून ठरवावेत. १५ ऑगस्टला मेरीमातेचा मोठा सण असतो. त्या आठवड्यात ग्रीक कुटुंबेही सुट्टीवर निघत असल्याने खोल्या आणि बोटी भरून जातात. सप्टेंबरमधला समुद्र उन्हाळाभर तापलेला असल्यामुळे जूनपेक्षा उबदार असतो, हा त्या महिन्याचा खरा फायदा आहे.

ज्यांना शेंगेन व्हिसा (ग्रीससह अनेक युरोपीय देशांत चालणारा सामाईक व्हिसा) लागतो त्यांना प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमा जोडावा लागतो. नियमाने पंधरा दिवस आधीपर्यंत अर्ज चालतो. परंतु उन्हाळ्यात भेटीच्या वेळा लवकर संपतात, तेव्हा त्या मुदतीवर विसंबू नये.

या सहलीत सर्वाधिक तयारी लागते ती समारिया घळीच्या पायवाटेला. ही सुमारे १६ किलोमीटरची वाट ओमालोस पठाराच्या कडेला, समुद्रसपाटीपासून १,२०० मीटरहून अधिक उंचीवर सुरू होते आणि सुरुवातीलाच झपाट्याने खाली उतरते. पुढे पायाखाली नदीपात्रातले गोटे येतात, आणि शेवटच्या टप्प्यात दोन्ही बाजूंचे उंच कडे इतके जवळ येतात की मधली वाट काही पावलांपुरतीच उरते. चपलांवर हे अंतर तोडण्याचा विचारही करू नये. टाचा आणि घोटे धरून ठेवणारे, आधी वापरून सैलावलेले बूटच घालावेत. वाट साधारणपणे मे ते ऑक्टोबर खुली असते, पण अति उष्णतेत किंवा पावसात ती बंद ठेवली जाते, म्हणून आदल्या संध्याकाळी चौकशी करावी. वाट जेथे संपते त्या आया रूमेली गावाला मोटाररस्ताच नाही. तेथून बोटीने सूया किंवा होरा स्फाकिओनला जाऊन पुढे बसने हानियाला परतावे लागते. बोट चुकली तर रात्र गावातच काढावी लागेल. त्यामुळे सकाळच्या पहिल्या बसने ओमालोस गाठावे आणि परतीच्या बोटीची वेळ निघण्यापूर्वीच लिहून घ्यावी.

हेराक्लिओनच्या मुक्कामात शहराबाहेर पाच किलोमीटरवर असलेला, प्राचीन मिनोअन संस्कृतीतला क्नॉसॉसचा राजवाडा पाहावा. तेथे सावली कमी असल्याने दरवाजे उघडताच आत शिरावे आणि दुपार पुरातत्त्व संग्रहालयात घालवावी. मूळ भित्तिचित्रांचे अवशेष संग्रहालयात आहेत, राजवाड्यात त्यांच्या प्रतिकृती आहेत. त्यामुळे दोन्ही ठिकाणे एकाच दिवशी पाहिली तर भिंतीवरील चित्राची जागा आणि त्याचे मूळ रंग डोळ्यांसमोर नीट जुळतात.

शहरांदरम्यान केटेल या ग्रीक बससेवेच्या बस चांगली सेवा देतात, पण दक्षिणेकडील लहान किनाऱ्यांसाठी गाडी भाड्याने घ्यावी. युरोपीय संघाबाहेरच्या परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय वाहन परवानाही न्यावा, आणि गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची आहे हे लक्षात ठेवावे. कच्च्या रस्त्यांवर झालेले चाकांचे व गाडीच्या तळाचे नुकसान बऱ्याच भाडेकरारांत विम्यातून वगळलेले असते, म्हणून वायव्य टोकाच्या बालोस किनाऱ्यासारख्या ठिकाणी गाडी नेण्याआधी करारातील ते कलम वाचावे; तेथे जाण्यासाठी किसामोस बंदरातून बोटही मिळते.