एअरबॅगचा दिवा विझत नाही? दोष शोधताना या चुका टाळा

इग्निशन सुरू केल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझतो. तो विझत नसेल, तर यंत्रणेने दोष नोंदवला आहे आणि अपघातात एअरबॅग उघडेलच याची खात्री उरलेली नाही, असे समजावे.

मल्टिमीटर किंवा टेस्ट लॅम्प थेट एअरबॅगच्या पिनांना लावणे ही सर्वांत घातक चूक आहे. आतल्या प्रज्वलकाचा रोध जेमतेम 2 ते 3 ओहम असतो आणि तो पेटवायला फारशी वीज लागत नाही. त्याऐवजी एअरबॅगच्या जागी गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये सांगितलेला रेझिस्टर जोडावा. स्कॅनरवर दिसणारा दोषाचा कोड गेला तर दोष एअरबॅगमध्ये, राहिला तर वायरिंगमध्ये किंवा मॉड्यूलमध्ये (एअरबॅगच्या नियंत्रण संगणकात) आहे. कोणताही पिवळा कपलर (एअरबॅगच्या वायरींचा जोड) सोडवण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबावे, कारण बॅटरी सुटली तरी मॉड्यूलमधील कपॅसिटरमध्ये वीज शिल्लक असते.

दुसरी चूक खिशाला महाग पडते, ती म्हणजे आधी मॉड्यूल बदलणे. मुंबईच्या पावसात हिंदमाता किंवा कुर्ल्यासारख्या सखल भागात गाडीत पाणी शिरले की कार्पेट वरून वाळते, पण खालचा फोम आठवडाभर ओला राहतो. माझ्याकडे आलेल्या अशाच एका गाडीचे मॉड्यूल दुसरीकडे आधीच बदलले होते, तरी दिवा कायम होता. चालकाच्या सीटखालचा पिवळा कपलर उघडला, तेव्हा एका पिनेवर हिरवट बुरशीसारखा थर चढलेला दिसला. अनेक गाड्यांत बाजूच्या एअरबॅगची आणि सीटबेल्ट प्रीटेन्शनरची (अपघातात पट्टा घट्ट ओढणाऱ्या यंत्रणेची) वायर तिथूनच जाते, शिवाय सीट मागेपुढे सरकताना ती ओढली जाते. म्हणून मी तपासणी नेहमी तिथूनच सुरू करतो. हॉर्न किंवा स्टिअरिंगवरची बटणेही बंद असतील, तर मात्र संशय क्लॉक स्प्रिंगवर, म्हणजे स्टिअरिंग फिरतानाही वायर जोडलेली ठेवणाऱ्या गुंडाळलेल्या पट्टीवर घ्यावा.

कपलर सोडवल्यावर दोन्ही वायर एकमेकींना जोडलेल्या दिसल्या, म्हणून अनेक जण शॉर्ट झाल्याचा निष्कर्ष काढून हार्नेस (वायरींचा जुडगा) कापतात. अनेक कपलरमध्ये सुरक्षेसाठी शॉर्टिंग बार असतो आणि तो कपलर सुटताच वायर मुद्दाम जोडतो. रोध मोजण्यापूर्वी तो मॅन्युअलमधील पद्धतीने उचलावा लागतो.

स्वस्त स्कॅनर बहुधा इंजिनाचेच कोड वाचतात. त्यात काही दिसले नाही म्हणून एअरबॅग निर्दोष ठरत नाही. दुरुस्ती न करता कोड पुसणे तर गाडीत बसणाऱ्यांची फसवणूकच आहे. क्लॉक स्प्रिंग बदलताना चाके सरळ ठेवावीत आणि स्प्रिंग मध्यावर आणूनच बसवावी; अन्यथा पूर्ण वळणावर आतली पट्टी तुटू शकते आणि दिवा पुन्हा लागतो.