फायबर तुटली तरी घरचं नेट चालू

कोथरूडमध्ये रस्ता खोदला की फायबर तुटणार, हे ठरलेलंच. म्हणून कपाटातला जुना अँड्रॉइड फोन ओपनडब्ल्यूआरटीवाल्या (राउटरसाठीची मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम) राउटरच्या यूएसबीला जोडला. सिम मुद्दाम दुसऱ्या कंपनीचं, प्रीपेड. फोनचं नेट यूएसबीवरून घ्यायला राउटरवर आरएनडीआयएस ड्रायव्हर टाकावा लागतो. फोन रीस्टार्ट झाला की टेदरिंग (फोनचं नेट राउटरला देणं) बंद पडतं, म्हणून डेव्हलपर ऑप्शन्समध्ये यूएसबीची डीफॉल्ट सेटिंगच टेदरिंग ठेवली.

खरं काम एमवॅन३ पॅकेजचं, म्हणजे दोन नेट जोडण्या सांभाळणाऱ्या ओपनडब्ल्यूआरटीच्या सॉफ्टवेअरचं. ते इंटरनेटवरच्या १.१.१.१ आणि ८.८.८.८ या सर्व्हरना फायबरवरून पिंग करत, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर येतं का बघत राहतं. उत्तर थांबलं की सगळं फोनवरून. नुसती केबल तपासून भागत नाही, कारण तार रस्त्यावर तुटते, ओएनटी (घरातला फायबरचा डबा) ते राउटर जोडणी शाबूतच असते. टीव्हीला मात्र ही फोनची वाट बंद (घरच्यांची कुरकुर झालीच), नाहीतर रोजचा डेटा एका सिनेमात फस्त. मोबाइल नेटवर सीजीनॅट (एकच आयपी पत्ता अनेक ग्राहकांत वाटणं) असल्यामुळे घरचा सर्व्हर तेवढ्यापुरता बाहेरून उघडत नाही.